फ्रीजकाकूंचा एकुलता एक अल्बम

फ्रीजचं दार अर्धवट उघडं राहिलं की मोटर थांबतच नाही.

माझा मामा इस्त्री होऊन आलेल्या शर्टावर घरी पुन्हा इस्त्री फिरवतो.

'दुधाला सांगू नका, बाहेर किती ऊन आहे.' ही एका गाण्याची ओळ आहे.

यंत्राने कॅसेटची फीत खाल्ली, की ती सोडवताना बोटांना अपराधी वाटतं.

गुरुवार, अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रक्षेपण.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो लिहून काढायला माझ्याकडे चाळीस मिनिटं होती. आता अडतीस.

मसुदा पहिला. 'श्रोतेहो, आज मी तुम्हाला एक राहून गेलेला अल्बम सुचवणार आहे.' नको. राहून गेलेला म्हटलं की बस चुकल्यासारखं वाटतं.

मी रेडिओ केंद्रात सहायक आहे. नोकरी मामामुळे लागली, असं सगळे म्हणतात. खरं आहे. मामा तळमजल्यावर ध्वनिमुद्रण विभागात, मी दुसऱ्या मजल्यावर. चार वर्षं मी दुसऱ्यांनी बोलायचे कागद टाइप केले. दर गुरुवारी कुणीतरी जाणकार एक जुना अल्बम सुचवतात. या आठवड्यात जाणकारांचा घसा बसला. कार्यक्रम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तूच बोल. पाच मिनिटं, त्यात एक गाणं. आणि तो हात हलवत बोलू नकोस, माइकला लागतो."

मसुदा दुसरा. 'त्या फ्रीज दुरुस्त करायच्या. आमची गल्ली त्यांना फ्रीजकाकू म्हणायची. दुकानात चालू असलेल्या फ्रीजच्या घरघरीवर सूर लावून त्या स्वतः रचलेली गाणी गायच्या. मोटरवर ताण आला की तिचा सूर जरासा उतरतो. काकूही गाता गाता तिच्याबरोबर उतरतात. भांडत नाहीत. मोटर सावरली की दोघी पुन्हा वर. आठ गाण्यांची एकच कॅसेट निघाली, नाव "दार नीट लावा". कुणी घेतली नाही.'

हा बरा होता. हा मी दोनदा वाचला.

मंगळवारी काकूंना फोन केला होता. त्या आता लेकीकडे असतात. कॅसेट मी सोमवारीच मामाकडे कॉम्प्युटरवर उतरवायला दिली होती.

"कोणतं लावणार?"

"तिसरं, काकू. दुधाचं."

"बरं. अकरा वाजल्यापासून कुणाला मिक्सर लावू देत नाही."

दहा तेहतीस. मॅडमनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. ते जास्त वाईट.

"अगं, ही बाई बेसूर आहे."

"नाहीत, मॅडम."

"कान आहेत मला. सूर लावतेय आणि घसरतेय, लावतेय आणि घसरतेय. कपाटातून दुसरं काहीतरी काढ. अकराच्या आत."

मी हेडफोन लावला. काकूंचा आवाज. स्वच्छ, कोरडा, एकटा. जिन्याचा कठडा काढून घेतलेल्या माणसासारखा. आणि मागे काहीच नाही.

एक जिना. दुसरा जिना. चप्पल एका पायरीवर राहिली, राहू दे.

"मामा, खालची घरघर कुठे गेली?"

मामाचा चेहरा उजळला. "कळलं ना? एक कण ठेवला नाही. तीन दिवस बसलो. मान धरलीय माझी."

"अरे, ती घरघर नव्हती. तो फ्रीज होता!"

"हो मग! फ्रीजच तर काढला."

मला खाली बसावंसं वाटलं. खुर्चीवर त्याचा डबा होता.

"कॅसेट दे. कॅसेटवरूनच लावते."

मामाने खण उघडला. तपकिरी गुंता, शेवयांसारखा. "एकदा वाजली, कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. दुसऱ्यांदा लावली तर यंत्राने खाल्ली. तुला सांगणारच होतो."

"कधी?"

"तू खूश असताना."

दहा एकेचाळीस. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मामावर मी आधी कधी ओरडले नव्हते. तो चष्मा पुसत राहिला, पुसलेलाच चष्मा. मी म्हटलं, काकू रेडिओशेजारी बसल्यात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं गाणं लागणार आणि सगळ्यांना त्या बेसूर वाटणार. त्यांना स्वतःलाही. त्यापेक्षा नाही लावलेलं बरं.

"मी चांगलं व्हावं म्हणूनच..."

"ठाऊक आहे रे. म्हणून तर नीट भांडताही येत नाही."

मग तो कॉम्प्युटरकडे वळला आणि एक फोल्डर उघडला. फोल्डरचं नाव होतं 'घाण'.

"हे काय?"

"काढलेलं सगळं. मी कधी टाकत नाही. साफ करताना एखाद्या वेळी गाणाऱ्याच्या श्वासाचा तुकडा त्यात निघून जातो. मग शोधावा लागतो."

"फ्रीज आहे यात?"

"अख्खा."

त्याने पडद्यावर आवाजाच्या दोन्ही पट्ट्या एकाखाली एक मांडल्या. वर काकू, खाली घाण. माउसवरचा हात थांबला. तीन दिवसांचं काम होतं. मी घड्याळाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे.

"पुन्हा घाण करायची म्हणतेस."

"मामा, कर ना."

घरघर आली. आधी पोटात, मग कानात. तिच्यावर काकू. 'दुधाला सांगू नका' या शब्दांपाशी मोटर दमली, काकू दमल्या. मामाची मान, ती धरलेली मान, एवढीशी खाली गेली आणि दोघींबरोबर वर आली.

"च्यायला," तो म्हणाला. "ही सुरातच आहे."

"वर चल आणि मॅडमना सांग. माझं कोण ऐकतंय?"

मॅडमनी उभ्यानेच ऐकलं. एक कान, मग दोन्ही. म्हणाल्या, "मला आवडलं असं मी म्हणत नाहीये." मग म्हणाल्या, "हात खाली ठेवून बोल."

मसुदा तिसरा लिहिलाच नाही. दुसऱ्या मसुद्याचा कागद तळमजल्यावर राहिला होता. अकरा दहाला मी नुसतीच बोलले. काय बोलले आठवत नाही, माइकला मात्र दोनदा हात लागला. 'एकदा ऐकून सोडू नका, दुसऱ्यांदा ऐका,' असं मी म्हणाले, हे मामाने नंतर सांगितलं म्हणून कळलं. पहिल्यांदा घरघर ऐकू येते, दुसऱ्यांदा ती बाई.

गाणं चालू असतानाच फोन वाजला. कुणी गृहस्थ तावातावाने म्हणत होते, तुमच्या प्रक्षेपणात बिघाड आहे, खाली काहीतरी घरघरतंय.

मॅडम म्हणाल्या, "तो फ्रीज आहे. ऐका गुपचूप."

दुसरा फोन काकूंचा.

"दुसऱ्या कडव्यात श्वास चुकलाय माझा."

"हो, काकू?"

"चुकलाय. मोटर मात्र मस्त चाललीय. फोन ठेव आता, लेकीला मिक्सर लावायचाय."

मी काकूंना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या दुकानात घरघरणाऱ्या फ्रीजशेजारी स्टुलावर उभ्या होत्या आणि गाता गाताच त्यांनी माझ्याकडे पक्कड मागितली.