चांदीचा गवा

केडगावच्या भारती भिंगारदिवेचा नाद जगावेगळा होता. ती नाणी जमवायची, पण सरसकट नाही. ज्यावर एखादं राष्ट्रीय उद्यान किंवा तिथलं जनावर कोरलेलं असेल तेच नाणं, आणि तेही टांकसाळीतून निघाल्यावर बाजारात एकदाही न फिरलेलं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी तिला चिडवायच्या, "आम्ही सोनं जमवतो, तू आपली हत्ती-गेंडे जमव." भारती हसून सोडून द्यायची. देशोदेशीच्या संग्राहकांना पत्रं घालून, अदलाबदल करून तिनं हळूहळू एक देखणा संग्रह उभा केला होता.

हे वेड तिच्यात आलं वडिलांकडून. रंभाजींनी, म्हणजे तिच्या आबांनी, सारी नोकरी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या माळावर काढली. फॉरेस्ट गार्ड होते. पुढं त्या माळाचं काळविटांसाठी अभयारण्य झालं, पण आबा तिथं आले तेव्हा माळावर बोटांवर मोजण्याइतकीच हरणं उरली होती. भारतीचं लहानपण बोरी-बाभळीतून बापामागं हिंडण्यात गेलं.

नव्व्याण्णव साली तिचा मावसभाऊ संदीप कॉम्प्युटरच्या कामाला अमेरिकेत गेला. भारतीनं त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली. यलोस्टोन हे तिकडचं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. त्याच्या सव्वाशे वर्षांनिमित्त चांदीचा डॉलर निघाला होता. एका बाजूला जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, दुसऱ्या बाजूला भल्या वशिंडाचा गवा आणि त्याच्यामागं डोंगराआडून उगवणारा सूर्य. दिवाळीला गावी आलेल्या संदीपनं ते नाणं तिच्या हातावर ठेवलं. पारदर्शक कॅप्सूलमध्ये बंद, दुधासारखं शुभ्र. भारतीनं कॅप्सूल उघडलीसुद्धा नाही. चांदीला उघड्या हाताचा घाम लागला की डाग धरतो, हे ती जाणून होती.

डिसेंबरात नगरला नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. न फिरलेल्या नाण्यांचा गट वेगळा होता आणि त्यात भारतीनं नाव दिलं होतं. प्रदर्शन बघायला म्हणून आबा आदल्या दिवशी कर्जतहून एस.टी.नं आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. थंडी सरली की ऑपरेशन करायचं ठरलं होतं.

संध्याकाळी भारती चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि जागच्या जागी थबकली. टेबलावर कॅप्सूल उघडी पडली होती. आबा खाटेवर बसून गव्याच्या अंगावरून सावकाश अंगठा फिरवत होते.

"आबा, अहो हात नाही लावायचा त्याला."

आबांनी नाणं चटकन पुढं केलं. "आसं व्हय? मला काय ठावं. डोळ्याला निस्तं पांढरं दिसत हुतं. मनलं, जनावर कसं हाय ते बोटानं बघावं."

भारतीनं नाणं कडेनं धरून उजेडात नेलं. गव्याच्या पाठीवरच्या मोकळ्या जागेत अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटला होता. काहीतरी लागट बोलायचं ओठावर आलं होतं, ते तिनं गिळलं. नाणं कॅप्सूलमध्ये ठेवून ती आबांशेजारी बसली.

"लई नुसकान झालं का गं?" आबांनी विचारलं.

"बघू उद्या."

तिनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला. मग आबाच म्हणाले, "ह्ये गवे तिकडं लई हायेत का?"

"एके काळी लाखोंनी होते. लोकांनी मारून मारून संपवत आणले. त्या उद्यानात थोडेसे तग धरून राहिले, ते राखले म्हणून आज पुन्हा कळप दिसतात."

आबा ऐकत राहिले. "मंग तितंबी कुनीतरी राखनीला बसलं आसंल," ते म्हणाले. "बाहात्तरच्या दुष्काळात आमी तेच केलं. पानवठा आटला, तवा मी आन् तुजी आय विहिरीचं पानी कावडीनं न्हेऊन दगडाच्या डोणीत वतायचो. लोक हसायचे, मानसाला पानी न्हाई आन् ह्यो हरनाला पाजतोय. पन जनावर सांगनार कुनाला?"

भारतीला ती डोण आठवत होती. आणखीही एक आठवत होतं. जीप घेऊन शिकारीला आलेल्यांच्या आडवे आबा एकटे उभे राहिले होते आणि बंदुकीच्या दस्त्याचा घाव खांद्यावर घेऊनही त्यांनी वाट सोडली नव्हती. शेवटी जीप परत फिरली. तो खांदा आजही पुरता वर होत नव्हता. घरात त्याची चर्चा कधी झालीच नाही. आबांना ती सांगण्यासारखी गोष्ट वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात परीक्षक म्हणून पुष्पावतीबाई मुथा आल्या. नगरच्या संग्राहकांत त्यांचा शब्द मोठा. भिंग लावून एकेक नाणं बघत त्या चांदीच्या गव्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"भारती, यावर अंगठा उमटलाय."

"हो बाई."

"ताजा दिसतोय. माझ्याकडं द्रव आहे, आत्ता धुतलं तर जाईल बहुतेक. नाहीतर या गटात मला ते धरता येणार नाही. बाकी संग्रह तुझा पहिल्या नंबराचा आहे, पण मुख्य नाणं हेच."

भारतीनं मागं वळून पाहिलं. आबा भिंतीला टेकून खुर्चीवर बसले होते. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, एक खांदा किंचित उतरलेला.

"राहू द्या बाई," ती मग म्हणाली. "गटातून काढा ते. फक्त मांडलेलं असू द्या."

"कुणाचा आहे अंगठा?"

"माझ्या वडिलांचा. रेहेकुरीची काळविटं ज्यांनी राखली, त्यांचा."

हे वाक्य तिनं याआधी कुणापुढं उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. पुष्पावतीबाईंनी भिंग खाली ठेवलं, आबांपाशी गेल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "दादा, काळविटांचं सांगा ना काहीतरी," त्या म्हणाल्या.

आबा आधी संकोचले. मग नराचा रंग वयाबरोबर कसा काळा होत जातो, पाडस गवतात कसं निपचित पडून राहतं, हे सांगता सांगता रंगले. नाणी बघायला आलेली माणसं त्यांच्याभोवती जमली. बक्षीस पुण्याच्या एका गृहस्थांना मिळालं. भारतीनं टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या.

पुढच्या रविवारी पुष्पावतीबाईंनी पुढाकार घेतला आणि नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातली माणसं भाड्यानं ट्रॅक्स गाडी करून आबा-भारतीसह रेहेकुरीला गेली. फाटकावर गोरक्ष नावाचा गार्ड होता. मिशा पिकत आलेला. आबांना उतरताना पाहून तो बसल्या जागेवरून उठला, टोपी नीट केली आणि कडक सलाम ठोकला.

"साहेबांपुढंबी एवढा ताठ उभा राहत न्हाई मी," तो भारतीला म्हणाला. "आमाला सगळ्यांला ह्यांनीच शिकवलं."

आबा काठी टेकत सगळ्यांच्या पुढं चालले. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण पायवाट पायांच्या ओळखीची होती. एका हिवराच्या झाडाजवळ थांबून त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला आणि हातानं खूण केली, खाली बसा. प्राध्यापक, व्यापारी, पुष्पावतीबाई, सगळे मुकाट गवतात बसले.

थोड्याच वेळात चढावरून कळप उतरला. बदामी माद्या, त्यांच्यात दोन-तीन पाडसं आणि सगळ्यांच्या मागं पिळदार शिंगांचा काळा नर. माळ भरून गेला.

"किती हायेत गं?" आबांनी हळूच विचारलं.

भारतीनं मोजायला सुरुवात केली, पण एका उडीसरशी कळप विखुरला आणि मोजदाद चुकली.

"मोजता येत नाहीत, आबा," ती म्हणाली. "एवढी आहेत."

आबांनी मान हलवली आणि छाती भरून श्वास घेतला.