धाकटीच्या डोक्यावरचे निखारे

धाकटीच्या डोक्यावरून अजून धूर निघत नव्हता.

थोरली कोबीच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसली होती, पण तिचं निम्मं लक्ष गवतात आणि निम्मं बांधापलीकडे होतं. पलीकडे तिची धाकटी जाऊ पाठमोरी वाकून काम करत होती. डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला. थोरलीनं डोळे बारीक करून पाहिलं. रुमाल करपला नव्हता. साधा कडेला काळाही पडला नव्हता.

"एवढे डबे हाणले बाईनं, आणि ढिम्म!" ती शेळीला म्हणाली.

"शेळे, कुणाला तरी सांग," पलीकडून मान न वळवता आवाज आला, "कालच्या वाटाण्यात मीठ कमी होतं."

तर असं होतं. या दोघी जावा कित्येक वर्षांत एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. जे काही सांगायचं ते शेळीला सांगायचं, जरा मोठ्यानं. शेळी थोरलीची, बांधावरच्या खुंट्याला बांधलेली. पण निरोपाच्या बाबतीत तिनं कधी पक्षपात केला नाही. दोन्हीकडचं ऐकायची, रवंथ करायची आणि गप्प बसायची. गावात एवढा गुण फार थोड्यांना होता.

भांडणाचं कारण म्हणजे एक भोपळा. वेल थोरलीच्या रानात उगवली आणि बांध ओलांडून धाकटीच्या रानात गेली. तिथं जाऊन तिनं फळ धरलं, तेही असं दांडगं की उचलायला दोन माणसं लागावीत. थोरली म्हणाली, मूळ माझं. धाकटी म्हणाली, फळ माझ्या मातीवर बसलंय. तेव्हा दोघींचे नवरे जिवंत होते. त्या दोघा भावांनी भोपळा मधोमध कापायचा तोडगा काढला, तर त्यांनाच उपाशी झोपावं लागलं. शेवटी भोपळा बांधावर कुजला. पुढे भाऊही एकामागोमाग देवाघरी गेले, मुलं शहरात पांगली. दोन तुकडे जमीन, एक विहीर, एक मोटर आणि दोन हट्टी म्हाताऱ्या एवढं मागे राहिलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ बघायला लोक मुद्दाम या वाटेनं जायचे.

थोरली तशी धर्माची बाई. रोज पहाटे चष्मा लावून शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, एक पान वाचायचीच. पण खरं सांगायचं तर वाचायची ती औषध घेतल्यासारखी. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका. त्यात कोबीवरच्या अळीचं काही नव्हतं आणि जावेचं तर नव्हतंच. चर्चमध्ये ती डाव्या बाकाच्या या टोकाला बसायची, धाकटी त्या टोकाला, आणि मध्ये बाक रिकामं. प्रवचन सुरू झालं की थोरलीची मान हळूहळू खाली यायची.

एका रविवारी मात्र ती दचकून जागी झाली. पाळकसाहेब वाचत होते, की तुझा वैरी भुकेला असला तर त्याला जेवू घाल, तहानलेला असला तर पाणी पाज, म्हणजे त्याच्या डोक्यावर तू निखाऱ्यांचा ढीग रचशील.

निखारे! थोरली ताठ बसली. इतकी वर्षं ती देवाजवळ जावेला अद्दल घडव म्हणून मागत होती, आणि देवानं उपाय आधीच लिहून ठेवला होता, तोही इतका स्वस्त! घरी जाऊन तिनं पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. अगदी तसंच होतं. एवढा हुरूप तिला लग्नातही आला नव्हता.

सोमवारी सकाळी ती गरम कालवणाचा डबा घेऊन बांधावर उभी राहिली.

"शेळे, हिला सांग, जेवून घे म्हणावं. पोटभर."

धाकटीनं डब्याकडे पाहिलं. शेळीकडे पाहिलं. "शेळे, यात काय घातलंय?"

"प्रीती," थोरली दात आवळून म्हणाली.

धाकटीनं डबा घेतला, चाटूनपुसून खाल्ला, आणि संध्याकाळी तो घासून परत केला. आत अंडी होती, अजून कोमट. थोरली आधी खूश झाली. मग चुलीपुढे बसल्या बसल्या तिच्या डोक्यात उजेड पडला. धाकटीही त्याच बाकावर होती! तिनंही तेच प्रवचन ऐकलं होतं, आणि तिला तर कधी डुलकीसुद्धा लागायची नाही.

"म्हणजे ही भवानी माझ्या डोक्यावर रचतेय!" थोरलीनं टाळूला हात लावला. टाळू गरम होती.

मग जे युद्ध पेटलं त्याला तोड नव्हती. थोरलीनं कालवण पाठवावं, धाकटीनं दूध पाठवावं. धाकटी बाजारात गेलेली पाहून थोरलीनं तिचा मुळ्याचा वाफा खुरपून काढला, तर दुसऱ्या दिवशी थोरलीचा गोठा आरशासारखा लख्ख. थोरलीनं धाकटीचं फाटकं कुंपण बांधून दिलं. धाकटीनं थोरलीच्या छपराची गळती बुजवली, तीही उन्हाळ्यात. दोघींची स्वतःची कामं पडून राहिली होती, पण ती समोरची करत असल्यामुळे कुणाचंच काही अडत नव्हतं. रोज सकाळी थोरली शास्त्र उघडून आज आणखी काय करता येईल ते शोधायची. कुणी एक कोस चल म्हटलं तर दोन कोस चाल, असं कुठेतरी सापडलं आणि ती धाकटीचं खताचं पोतं डोक्यावर घेऊन तिचं घर ओलांडून पुढे नदीपर्यंत गेली. धाकटीला ते पोतं परत आणावं लागलं.

"गावात दोन संत निपजले," सायकल दुरुस्त करणारा लोकांना सांगायचा. "लांब राहा, अंगावर उपकार करतील."

आणि मग ऊन वाढलं.

वाराच पडला. माती तडकली, ढेकळं दगडासारखी झाली, आणि विहिरीचं पाणी एवढं खाली गेलं की मोटर जेमतेम दुपारपर्यंत चालायची आणि मग नुसतीच घरघरायची. कोबी आता गड्डा धरायच्या बेताला आली होती. या आठवड्यात पाणी मिळालं तर पीक, नाही तर गुरांचा चारा. आणि थोरलीच्या बाबतीत नुसतं पीक जाणार नव्हतं. शहरातल्या लेकीनं स्पष्टच सांगितलं होतं, "आई, यंदा कोबी साधली नाही तर रान विकायचं आणि इकडे यायचं. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवलाय." थोरलीनं तो कप्पा पाहिला होता. तिचे कपडे त्यात मावले असते, ती मावली नसती. त्या खोलीच्या खिडकीतून पलीकडची भिंत दिसायची, तीही न रंगवलेली.

पाणी एक दिवस हिला, एक दिवस तिला असं वाटलेलं होतं, आणि त्या दिवशी पाळी थोरलीची होती. मोटर चालू झाली, पाटातून पाणी खळखळत बांधापाशी आलं. तिथे पाटाला दोन तोंडं. एक हिच्या रानात, एक तिच्या. थोरलीनं फावडं उचललं. कोबीकडे पाहिलं. मग बांधापलीकडची सुकलेली मिरची पाहिली, आणि तिला वचन आठवलं. तहानलेला असला तर पाणी पाज. याच्यापेक्षा मोठा निखारा दुसरा नव्हता. तिनं छातीवर दगड ठेवला, आपलं तोंड मातीनं बुजवलं आणि धाकटीचं उघडलं.

"शेळे, सांग तिला. आज पाणी तुझं म्हणावं."

धाकटी धावतच आली. "शेळे, आज तिचा दिवस आहे! मला नको!" तिनं आपलं तोंड बुजवलं आणि थोरलीचं मोकळं केलं.

थोरलीनं पुन्हा बुजवलं. धाकटीनं पुन्हा उकरलं. मग धाकटीनं आपलं तोंड दगड घालून पक्कं बंद केलं आणि त्यावर बसली. थोरलीनंही आपलं बंद केलं आणि त्यावर बसली. पाण्याला कुठेच जायला जागा उरली नाही. ते पाटातून वर आलं, काठ ओलांडून खाली वाटेवर गेलं, आणि दोन्ही रानं ठणठणीत कोरडी राहून वाट चिखलानं भरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सायकलवाला तिथं घसरला आणि कमरेपर्यंत माखला.

"अहो, सगळ्या मुलखात धूळ उडतेय आणि चिखल फक्त तुमच्या बांधावर!" तो ओरडला आणि तसाच पाळकसाहेबांकडे गेला.

पाळकसाहेब आले ते चांगले बूट घालून. वाटेवर पाऊल टाकलं आणि त्यातला डावा चिखलात राहिला. त्यांनी तो काढायला हात घातला, बराच शोधला, मग सोडून दिला आणि एका पायावर अंग सावरत विचारलं, "बाई, हे काय चाललंय?"

"तुमचंच वचन पाळतोय," थोरली म्हणाली. "हिला पाणी पाजतेय."

"मी हिला पाजतेय," धाकटी म्हणाली.

"निखाऱ्यांसाठी," दोघी म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. हात चिखलाचा होता. "अहो, निखारे भाजण्यासाठी नाहीत."

"मग कशासाठी आहेत? शेकायला?"

"त्याविषयी विद्वानांची वेगवेगळी मतं आहेत."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," थोरली म्हणाली.

"बाई, पुढची ओळ वाचलीत का तुम्ही?"

थोरली घुटमळली. "मी निखाऱ्यांपाशीच थांबले."

"पुढे लिहिलंय, वाईटाकडून हरू नकोस, तर बऱ्यानं वाईटाला जिंक."

दोघींनी ते मन लावून ऐकलं. धाकटीनं आपल्या दगडावर जरा घट्ट बैठक मारली. "ऐकलंस ना शेळे? जिंकायचंच आहे."

"मग मी जिंकणार," थोरली म्हणाली.

पाळकसाहेबांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. "प्रभू तुम्हाला सुबुद्धी देवो," ते म्हणाले आणि एका बुटावर लंगडत निघून गेले. पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचन घेतलं ते नोहाच्या जहाजावर. त्यात कुणी शेजारी नव्हते.

पण त्या दिवशी ते गेल्यावर ऊन डोक्यावर आलं आणि दोघी आपापल्या दगडावर बसून राहिल्या. पाणी मधून वाहत वाटेवर जात होतं. थोरलीनं कोबीकडे पाहिलं. पानं कडेनं मऊ पडून जमिनीला टेकली होती. या रोपांना तिनं एकेक करून लावलं होतं, एकेकीला मातीचा आधार दिला होता. तिला रडू आलं. इतके दिवस ती देत सुटली होती आणि मनात एकदाही माया नव्हती. आणि समोर ही बाई, हिच्या मिरच्याही वाळत होत्या, हिलाही शहरात कुणीतरी कप्पा रिकामा करून ठेवलाच असेल. वचनात भुकेला होता, तहानलेला होता, आणि देणारा होता. इथे दोघीही देणाऱ्या. घ्यायला कुणी तयारच नव्हतं.

देणं सोपं आहे, थोरलीला वाटलं. देताना मान ताठ राहते.

"ए," ती म्हणाली.

धाकटीनं शेळीकडे पाहिलं.

"शेळीला नाही. तुला म्हणतेय."

धाकटीचं तोंड उघडं राहिलं.

"मला तहान लागलीय," थोरली म्हणाली. हे शब्द घशातून काढताना तिला पोतं उचलल्याइतके कष्ट पडले. "आणि माझ्या कोबीलाही. आज दिवस माझा आहे. पाणी दे गं."

"काय म्हणालीस?"

"दुसऱ्यांदा म्हणणार नाही."

धाकटी उठली. तिनं तांब्या भरून आणला आणि थोरलीपुढे धरला. थोरली दगडावरून उठली आणि घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. तोवर धाकटीनं फावडं घेऊन थोरलीच्या बाजूचं तोंड मोकळं केलं, आणि पाणी कोबीत शिरलं. कोरड्या मातीनं ते पिताना बुडबुड आवाज केला. दोघी तो ऐकत उभ्या राहिल्या.

"डोकं भाजतंय का तुझं?" धाकटीनं विचारलं.

"भाजतंय."

"माझंही. पहिल्या डब्यापासून."

"ऊन असेल."

"ऊनच असेल," धाकटी म्हणाली, आणि निळ्या रुमालानं डोळे पुसले. मग म्हणाली, "मीठ खरंच कमी होतं."

बांधाकडच्या ओळी गेल्या, पण बाकीच्या कोबीनं गड्डा धरला. धाकटीच्या मिरच्यांनाही फूल आलं. पाणी आता निम्मं निम्मं जायचं आणि त्यावरून रोज तोंडातोंडी भांडण व्हायचं. थोरलीनं लेकीला निरोप धाडला, की कप्प्यात तुझी भांडी ठेव. आणि सकाळी शास्त्र वाचताना ती आता एका ओळीवर थांबत नव्हती. खालची ओळ वाचल्याशिवाय बांधावर जायचं नाही, असा तिनं नेम केला होता.

वाट सुकली तेव्हा मधोमध एक वेल उगवलेली दिसली. कुठलं बी, कुणी टाकलं, कोण जाणे. वेल ना हिच्या रानात, ना तिच्या. आणि तिला भोपळा धरला, पहिल्याच्या तोडीचा.

"तुझाच आहे," थोरली म्हणाली.

"छे, तुझाच."

"पाळकसाहेबांना विचारूया का?"

"नको. दुसरा बूटही जायचा."

शेवटी रविवारी उपासना झाल्यावर तो मधोमध कापायचा असं ठरलं. ठरल्याप्रमाणे दोघी सुरी आणि परात घेऊन वाटेवर आल्या. खुंटा उपटून बाजूला पडला होता. भोपळ्याचं देठ तेवढं उरलं होतं, आणि शेळी बिया चघळत उभी होती. वाटणीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोघी एकमेकींशी बोलायला लागल्यापासून तिला कुणी काहीच सांगत नव्हतं.