आप्पांचा मोझार्ट

सेलूत माझे इंग्रजी बोलायचे वर्ग चालतात. येणारी पोरं-पोरी सगळी विशी-बाविशीतली. कुणाला पुण्यात नोकरी हवी असते, कुणाला नुसताच भाव खायचा असतो. सगळ्यांना इंग्रजी झटपट हवं असतं आणि झटपट ते कुणालाच येत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं. अशाच एका संध्याकाळी, दसऱ्याच्या थोडं आधी, मोंढा बाजारातले सरकी-पेंडीचे व्यापारी शिवाप्पा दारात चपला काढून उभे राहिले.

"बोला आप्पा, कुणाला घालायचंय क्लासला?"

"मलाच की."

"तुम्हाला? आता?"

"सगळं इंग्रजी नको, म्याडम. फकस्त मोझार्टचं पायजे."

मोंढ्यातल्या शेजारच्या आडत्याचं घ्यावं तसं त्यांनी त्या परदेशी संगीतकाराचं नाव घेतलं. मी फस्सकन हसले. हसायला नको होतं, पण माझा स्वभावच तसा फटकळ. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. ते खुर्चीत टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगायला लागले.

त्यांचा मुलगा राजशेखर मेलबर्नला असतो. त्याची मुलगी शिवानी नऊ वर्षांची, पियानो शिकते. मराठी तिला समजतं, पण बोलायची वेळ आली की तोंडातून इंग्रजीच येतं. माघात आप्पांची बायको चन्नबसम्मा वारली. तेव्हापासून ही नात आप्पांशी बोलत नव्हती. रविवारी फोन लागला की पडद्यावर यायची, त्यांच्याकडे न बघताच हात हलवायची आणि पळायची.

"तिची आज्जी व्हती तवर दोघी तास-तास बोलायच्या," आप्पा म्हणाले. "बोलायच्या म्हंजे काय, ही मराठीत, ती इंग्रजीत. नुसत्या खिदळायच्या. म्या बाजूला बसून आयकायचो. आता आज्जी गेली आन् पोरगी माझ्याकडं बघंना झाली. राजशेखरला इचारलं तर म्हणतो, आप्पा, तिला मोझार्टबिगर काई सुचत न्हाई, ऱ्हाऊ द्या. पण मला ऱ्हावत न्हाई, म्याडम. एक डाव तरी माझ्याशी बोलली पायजे ती. मग म्हणलं, तिला जे सुचतंय तिथूनच सुरू करू."

मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मोझार्टबद्दल मलाही ओ की ठो कळत नव्हतं. मोबाइलवर वाचून वाचून मीच आधी शिकले आणि मग त्यांना शिकवायला बसले. बॉर्न. चाइल्ड प्रॉडिजी. कोर्ट. पॅट्रन. कंपोझ्ड. मास्टरपीस. कमिशन हा शब्द शिकवावा लागेल असं वाटलं नव्हतं, पण कमिशन म्हणजे मोंढ्यातली आडत, एवढंच जन्मभर पाहिलेल्या माणसाला इथे कमिशन म्हणजे आधी सांगून गाणं करून घेणं, हे पटवायला अख्खी संध्याकाळ गेली.

लिहून घ्या म्हटलं तर ऐकायचे नाहीत. "लिवलं की इसरतं," म्हणायचे. दुकानात पेंडीची पोती मोजून देता देता पाठांतर चालायचं. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि आप्पा म्हणायचे, "चाइल्ड प्रॉडिजी." मोंढ्यात थोडे दिवस चेष्टा झाली. हमालांनी त्यांचं नावच मोझार्टआप्पा पाडलं. आप्पांनी तेही खपवून घेतलं.

मी मात्र चांगलीच करडी होते. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. मधेच त्यांना भलत्या शंका यायच्या. लहानग्या मोझार्टला घेऊन त्याचा बाप गावोगाव कार्यक्रम करत फिरायचा, हे सांगितल्यावर त्यांचं पाठांतरच थांबलं.

"म्हंजे ऊसतोडीला लेकरं नेतेत तसंच की. शाळा बुडली आसंल त्याची."

"शाळेत गेलाच नाही तो, आप्पा."

"बापाला कुनी बोललं न्हाई?"

"आप्पा, पुढचा शब्द."

शेवटी मरणाचे शब्द आले. इलनेस. डाइड यंग. बरीड. तो शेवटचा शब्द सांगताना मी जरा अडखळले. घरात बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. आप्पांनीच मला सावरलं.

"आमच्यात पुरतेतच, म्याडम. बसवून."

लिंगायतांमध्ये तसं असतं हे मला ऐकून माहीत होतं, कधी पाहिलं नव्हतं. आप्पांनी शांतपणे सांगितलं. चन्नबसम्माला न्हाऊ घातलं, कपाळभर विभूती लावली, मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर तिचं रोजच्या पूजेचं इष्टलिंग ठेवलं. फुलांच्या पालखीत बसवूनच भजन म्हणत रुद्रभूमीत नेलं आणि तशीच बसती समाधी दिली.

"राजशेखरला तिकीट भेटलं न्हाई. म्हणून म्या सोता मोबाइल धरला, सारं दाखिवलं. शिवानीला बी म्होरं बसवायला लावलं. म्हणलं, आज्जीचं शेवटचं दर्शन लेकराचं चुकाया नको."

आम्ही जाळणारी माणसं. माझ्या अंगावर काटा आला, पण तो त्यांना दिसू दिला नाही. मोझार्टला कुठे पुरलं ती नेमकी जागा कुणाला माहीत नाही, हे सांगितल्यावर उलट त्यांनाच वाईट वाटलं. "एवढा मोठा माणूस आन् समाधीचा पत्ता न्हाई?" असं घरी जाईपर्यंत म्हणत होते.

पुढच्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. मी मोबाइलच्या मागे बसायचं, ते अडले तर शब्द पुरवायचे, असं ठरलं. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे ओठ हलत होते. माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी मी कधी देव आठवला नाही, त्या दिवशी आठवला.

फोन लागला. राजशेखर दोन शब्द बोलला आणि त्यानं हाक मारली. शिवानी आली, खाली बघून हात हलवला आणि वळली.

"शिवानी, वेट," आप्पा म्हणाले. "मोझार्ट. ही वॉज अ चाइल्ड प्रॉडिजी, नो?"

पोरगी थांबली. वळून पडद्याकडे बघायला लागली. मग इंग्रजीत म्हणाली, हो, पाच वर्षांचा असताना त्यानं पहिली रचना केली, तुला कुणी सांगितलं?

"आय लर्न," आप्पा म्हणाले.

आणि ती बोलायला लागली. मोझार्टची बहीणही छान वाजवायची, पण तिला पुढे वाजवू दिलं नाही, हे तिनं फार चिडून सांगितलं. आप्पांना त्यातलं निम्मंसुद्धा कळत नव्हतं. मी हळू आवाजात अर्थ सांगत होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. नात बोलते आहे, एवढ्यावरच त्यांचं पोट भरत होतं. ती थांबली की हे एक शब्द पुढे सरकवायचे. पॅट्रन. कमिशन. मास्टरपीस. मी शिकवलेल्या क्रमानं, एकही न चुकता. मला फार अभिमान वाटत होता आणि त्या नादात पुढे काय येतंय ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

"ही डाइड यंग," आप्पा म्हणाले. "ही वॉज बरीड."

शिवानीचं तोंड एकदम उतरलं. मागून राजशेखरचा घाईघाईचा आवाज आला, "आप्पा, तो विषय नको. ऱ्हाऊ द्या तो."

पण शिवानीनं विचारलंच. भरभर, रडवेल्या आवाजात, इंग्रजीत. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य मराठीत सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

"ती विचारतेय," मी म्हणाले, "आजी बसलेली होती. मग ती जिवंतच होती ना? जिवंत असताना तुम्ही तिला का पुरलं?"

आप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माघापासून ते लेकरू हे पोटात धरून बसलं होतं. आपल्या आज्जानं बसलेल्या आज्जीवर माती लोटली, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं आणि मग दर रविवारी त्याच आज्जाला हात हलवायचा. राजशेखरला ठाऊक होतं. बापाला कळलं तर तो मोडून पडेल, म्हणून तो मोझार्टचं निमित्त पुढे करत आला होता.

मी सफाईदार इंग्रजीत समजवायला तोंड उघडलं. आप्पांनी हातानं मला थांबवलं.

"नो, बेटा," ते म्हणाले. "आज्जी डाइड. इन बेड. इलनेस. आय..." आणि शब्द संपले. मोझार्टच्या सगळ्या आयुष्यात त्यांना पुढचा शब्द सापडेना. ते तसेच खुर्चीतून उठले, गुडघ्यावर हात टेकत खाली सतरंजीवर बसले, मांडी घातली आणि डावा तळहात छातीशी धरला. मी मोबाइल खाली करून त्यांच्यासमोर धरला.

"बघ, शिवानी," ते मराठीत बोलायला लागले. "तुजी आज्जी रोज सकाळी अशीच बसायची. हातावर देव ठिवून. मी च्या मागितला तरी उठत नव्हती. तिचा जीव रातीच गेल्ता, माझ्या म्होरं गेला, हात माझ्या हातात व्हता. निजवून न्हाई ठिवत आमी आपल्या माणसाला. रोज जशी बसायची, तशीच बसिवली. देव बी तिचा तिच्याजवळच दिला. तिला एकलं वाटू नये म्हणून."

मी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, तर पोरीनं मान हलवली. तिला कळलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मोबाइल धरलेला असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं.

शिवानी बराच वेळ आप्पांकडे बघत राहिली. सरळ त्यांच्याकडे. मग एकेक शब्द जुळवत, मराठीत म्हणाली, "आज्जी... दमली नाही?"

"न्हाई गं माय," आप्पा म्हणाले. "तिला सवय हाय."

पडदा हलला. तिनं मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला आणि समोर गालिच्यावर मांडी घातली. एक पाय नीट बसेना, तो हातानं ओढून घेतला. मग पाठ ताठ केली आणि रिकामा तळहात छातीशी धरला.

"डावा, शिवानी," आप्पा म्हणाले. "डावा हात."

तिनं हात बदलला.