न्हाऊ घालण्यापुरता गुडघा

गुडघा कशासाठी असतो, असं म्हाळसाबाईला कुणी विचारलं असतं तर तिनं फटकन सांगितलं असतं, लेकरू न्हाऊ घालायला. पण विचारतंय कोण! जो तो आपला चालण्याचंच विचारायचा.

देवगाव फाट्याच्या आत, मेंढरं राखणाऱ्यांच्या त्या वस्तीत रीत अशी, की आईनं आपलं तान्हं स्वतः न्हाऊ घालायचं नाही. तो मान घरातल्या म्हातारीचा. तिनं पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर निजवायचं आणि आईनं वरून ऊन पाणी ओतायचं. म्हाळसाबाईच्या दोन्ही लेकरांना तिच्या सासूनंच न्हाऊ घातलं. म्हाळसाबाई पाणी ओतायची आणि मनात म्हणायची, येईल, आपलाही दिवस येईल. पण मेंढरांमागं रानोमाळ हिंडून दिवस यायच्या आत उजवा गुडघाच गेला. धड वाकेना, धड सरळ होईना. अर्धवट मुडपून बसला मेला. पोराला, दत्तरावाला लेकरू झालं तेव्हा ती हौसेनं पाटावर बसली, तर दोन पायांत एवढी फट पडली की बाळ खालीच जायचं. शेजारची सगुणाबाई धावत आली.

"ऊठ बाई, तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

तेव्हापासून त्या घरातलं बाळ सगुणाबाईच्या पायांवर. बाई मनानं चांगली, पण जिभेला हाड नाही. "म्हाळसे, तू आपली बघत बस," असं चारचौघांत म्हणायची आणि म्हाळसाबाई उगीच हसायची. आतून जीव तुटायचा.

दत्तराव फौजेत हवालदार. पुण्याला बदली झाल्यापासून तो आईच्या मागं लागला होता, "माय, आमच्या फौजी दवाखान्यात गुडघा बदलून देतेत."

"देवानं दिलेलं हाड काढून लोखंड घालून घिऊ? जा तिकडं!" म्हाळसाबाई उडवून लावायची. तिचा नवरा उमाजीही म्हणायचा, नको ती भानगड.

मग त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात सोनपेठहून निरोप आला. लेकीला, कासाबाईला, दिवस गेले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवससायास करून सगळे थकले, आणि आता हे. पहिलटकरीण म्हणजे बाळंतपण माहेरीच. म्हाळसाबाईनं त्याच दिवशी दत्तरावाला सांगावा धाडला, "मला कवा नेतूस?"

दवाखान्यानं आधी दात बघितले, साखर बघितली, रक्त तपासलं. मांडीत जोर यावा म्हणून घरी व्यायाम सांगितला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती दाबायची.

"वा रे नशीब!" उमाजी म्हणाला. "आमी रानात मेंढरं राखायलाव, आन ही घरी टावेल दाबायली!"

"दाबंन, न्हाईतर पिळून वाळू घालंन. तुमचं काय गेलं?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "आजी, नवा गुडघा घेऊन काय करायचंय?" खरं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण वर्दीतल्या परक्या पुरुषाला कसं सांगायचं, की लुगडं वर सारून, नडग्या उघड्या टाकून नातवंड न्हाऊ घालायचंय म्हणून? म्हाळसाबाई लाजली.

"चालायचंय," एवढंच म्हणाली.

त्यानंतरचं दुखणं, काय सांगावं! सिस्टर गुडघा वाकवायला यायची आणि म्हाळसाबाई खंडोबाच्या नावानं वॉर्ड डोक्यावर घ्यायची. पण एक दिवस नाही म्हणाली नाही. डोळे मिटले की तिला पायांवरचं ओलं, गुळगुळीत बाळ दिसायचं, आणि ती दात खाऊन पुन्हा पाय वाकवायची. हळूहळू वॉकर धरून चालायला लागली, मग काठीवर.

घरी सोडताना साहेबांनी बजावलं, "एक लक्षात ठेवा आजी. आता जमिनीवर बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, पाटसुद्धा नाही. कायमचं."

सेलू येईपर्यंत रेल्वेत म्हाळसाबाई मनातल्या मनात त्या नव्या गुडघ्याला शिव्या घालत होती. संक्रांत नुकतीच झाली होती, विद्यापीठाच्या नामविस्तारावरून दंगलीच्या भीतीनं एसट्या बंद होत्या, म्हणून तिथून पुढं दत्तरावानं जीप केली. दारात ती काठी टेकत स्वतःच्या पायांनी उतरली, तर अख्खी वस्ती गोळा झाली. उमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाळसाबाई मात्र तोंड पाडून खुर्चीत बसली.

कासाबाई त्याच महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली. सगुणाबाई लगेच पदर खोचून हजर.

"तू बस खुर्चीवर, पाटलिणीवानी. मी हाय की."

न्हाणीतून पाण्याचा आवाज यायचा, पोरगी टाहो फोडायची, मग ऊन पाण्यानं हळूच गप्प व्हायची. ते गप्प होणं म्हाळसाबाईला सोसायचं नाही. एक दिवस कासाबाईनं विचारलं, "माय, चालाय लागलीस, तरी अशी सुतकी का ग?"

"मी चालायसाठी गेलेच नव्हते ग!" म्हाळसाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ढसढसा रडली. "एवढं सोसलं ते तुझी पोर पायावर घ्यायसाठी. आन आता म्हणतेत, खाली बसूच नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात बाजेवर व्यायाम करत होती. पाय लांब, गुडघ्याखाली टॉवेल. दाबून झाल्यावर टॉवेल काढला आणि पायांकडं बघत राहिली. खाली बसू देत नाही म्हणून इतके दिवस ती ज्या गुडघ्याला शिव्या घालत होती, तो सरळ होता. पार सरळ! दोन्ही नडग्या जुळल्या होत्या, मधे फट म्हणून नव्हती. अरे देवा, न्हाऊ घालायला गुडघा वाकवायचा असतो कुठं? आणि साहेबांनी जमीन नको म्हटलं होतं. बाज काय जमीन आहे?

"सगुणे!" ती ओरडली. "पानी हिकडं आन! कासे, पोर आन!"

"आगं, बाज भिजंल की," उमाजी म्हणाला.

"भिजू द्या! सुतळीची हाय, पानी खाली जाईल."

कासाबाईनं पोर तिच्या नडग्यांवर ठेवली. कोवळं ऊन होतं. पोरीनं पाय झाडले, ते नव्या गुडघ्यावरच्या लांब वणावर लागले. म्हाळसाबाईनं हात उचलले, आणि ते तसेच वर राहिले.

"वतू का पानी?" सगुणाबाईनं विचारलं.

"थांब." म्हाळसाबाईचा आवाज एकदम बारीक झाला. "सगुणे, मान कशी धरायची ग? मी कवा कुनाला घातलंच न्हाई."

सगुणाबाईनं पाण्याचा तांब्या कासाबाईच्या हातात दिला, बाजेच्या कडेला टेकली आणि म्हाळसाबाईचा हात धरून पोरीच्या मानेखाली नेला.

"अशी," ती म्हणाली. मग कासाबाईनं पाणी ओतलं.