चालू संगणकाची वरात

"सी लसाद, बंद करा ते यंत्र. खोलीला कुलूप लावायचंय," स्फाक्स शहरातल्या संस्कृती भवनाचे संचालक सी कमाल (तिकडे 'सी' म्हणजे आपलं 'श्रीयुत') दारातूनच म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत तरी बंद होणार नाही," लसाद म्हणाला.

"अहो, खोली प्रशिक्षण केंद्राला दिलीय. सगळं जग वापरतं ती प्रणाली सोडून तुम्ही घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजताय. तुमची ती वापरतं कोण?"

"मी वापरतो."

संचालक खो खो हसले. लसादच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फॉस्फेट कंपनीच्या कचेरीत कारकुनी करणारा हा माणूस, केस काळे होते तेव्हापासून, भवनाच्या या खोलीत बसून देशोदेशीच्या मूठभर हौशी मंडळींबरोबर संगणकाची एक वेगळीच कार्यप्रणाली उभी करत होता. तिचा गाभा अगदी छोटा. डिस्क, नेटवर्क सांभाळणारे प्रोग्रॅम त्याच्या बाहेर, आपापल्या जागी. एखादा कोसळला तर तेवढाच पुन्हा उठवायचा, बाकीच्यांना धक्का नाही. सकाळपासून यंत्र तिची नवी आवृत्ती बांधत होतं. मध्येच वीज तुटली तर सगळं पहिल्यापासून. आणि आज रात्री आवृत्ती पोचली नाही, तर प्रकल्प चालवणारी मुख्य मंडळी हे कामच कायमचं गुंडाळणार होती.

"बरं, घरी नेतो. पण चालूच नेतो," लसाद म्हणाला.

त्याचा दोस्त हेदी ऑलिव्ह वाहायची इसुझू पिकअप घेऊन आला. "डोकं फिरलंय तुझं! चालू संगणक असा कुणी नेतो का?" असं म्हणत म्हणतच त्यानं यंत्र आणि वीज नसताना ते चालू ठेवणारी बॅटरी दोरानं आवळून बांधली. लसाद मागे बसला, यंत्राचा पडदा मांडीवर घेऊन. रस्त्यावरचे लोक बघतच राहिले. बघेनात का!

तनियूरच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात दणकन आपटली आणि पडद्यावर लाल ओळ उमटली.

"मेलं का रे?" हेदी पुढून ओरडला.

"डिस्कवाला प्रोग्रॅम मेला. यंत्र जिवंत आहे." लसाद पडद्यावर वाकला. "ऊठ रे बाबा, ऊठ."

आणि तो उठला! कुणी हात न लावता, आपला आपण. ओळी पुन्हा सरसर धावू लागल्या. लसादनं गाडीच्या टपावर मुठी आपटल्या. "कोण वापरतं म्हणे! या म्हणावं, बघा!"

घराशी येईतो संपत आलेली बॅटरी किंचाळायला लागली होती. बायको राउदा दारातच उभी. या सवतीला घरात पाऊल ठेवू देणार नाही, हे तिनं लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं. वायर पोचेल असा प्लग एकच, स्वयंपाकघरातला, आणि त्याला फ्रिज लावलेला. लसाद वायर हातात धरून नुसताच उभा राहिला.

"राउदा, फक्त आजची रात्र..."

"तोंड काय बघतोस माझं? आण ती वायर इकडे," ती म्हणाली, आणि तिनं फ्रिजचा प्लग उपसून काढला. "हेदीला सांग, जेवूनच जा. आता सगळी मासळी आजच शिजवायला हवी."