खालच्या मजल्यावरचा पारा

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. पाऱ्याचा. राखाडी पत्र्याची पेटी, झाकणात उभी काचेची नळी, नळीशेजारी आकडे. पोटातून दोन रबरी नळ्या निघतात. एक दंडाला बांधायच्या पट्ट्याकडे जाते, दुसरी हवा भरायच्या फुग्याकडे. हल्लीच्या मशीनसारखा मी आपणहून काही सांगत नाही. कोणीतरी फुगा दाबून पारा चढवायचा, मग तो हळूहळू उतरू द्यायचा आणि स्टेथोस्कोप लावून ऐकत राहायचे. आधी काहीच ऐकू येत नाही. मग एका आकड्याला ठोके सुरू होतात, खालच्या एका आकड्याला थांबतात. ते दोन आकडे म्हणजे त्या माणसाचा रक्तदाब.

मला बोलण्याची दुसरी रीत ठाऊक नाही. म्हणून माझी गोष्टही वरून खाली उतरत जाईल.

२००

कारखान्यातले एवढेच आठवते. एका बाईने माझ्यात पारा ओतला, तो शून्यावर टेकतो का ते डोळा बारीक करून पाहिले आणि पेटीवर बोटाने टकटक केली. मी पास झालो.

१८०

पुढची एकतीस वर्षे एका दवाखान्यात गेली. औषध डॉक्टर लिहीत, मला बांधण्याचे काम कंपाउंडरांचे. त्यांचा हात हलका होता. पट्टा बांधताना ते माणसाला बोलते करीत आणि पारा चढू लागला की म्हणत, "आता गप्प. आता तुमचं रक्त बोलेल." घाबरून आलेल्याचे प्रेशर ते दोनदा घेत. पहिले भीतीचे, दुसरे खरे.

दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी मला कंपाउंडरांच्या हातात ठेवले. "हा तुमचाच आहे," एवढेच म्हणाले. मी कापडी पिशवीतून कंपाउंडरांच्या घरी आलो. तळमजल्यावरची एकच खोली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. गुडघे इतके गेलेले की जिना चढणे त्यांनी कधीच सोडून दिले होते.

१५०, ठोके सुरू

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस इथून सुरू होतात.

सकाळी सात वाजता कंपाउंडर दाराची कडी काढून ठेवत. मग वरच्या मजल्यांवरची तीन माणसे उतरत. पहिले ड्रायव्हरआबा, ज्यांनी आयुष्यभर बस चालवली. त्यांच्यामागून मास्तर, कठडा धरून, एकेक पायरी मोजत. सर्वांत शेवटी शिलाईमावशी, ज्यांनी अर्ध्या वस्तीचे कपडे शिवले होते आणि बहीण गेल्यापासून ज्या एकट्या राहत.

नियम होता की पाच मिनिटे टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही. ही पाच मिनिटे घड्याळात पाऊण तास चालत.

"घ्या, बघा इंजिन," आबा दंड पुढे करीत.

"तोंड बंद ठेवा, आबा. बोललं की आकडा वाढतो," मास्तर म्हणत.

"मग वर्गात तुमचा किती वाढत असेल."

दुसरा नियम असा, की जो शेवटी येईल त्याने कंपाउंडरांचे प्रेशर घ्यायचे. उशिरा येण्याची शिक्षा. "आपलं आपण मोजलं की माणूस आकड्याचे लाड करतो," असे ते म्हणत. मावशी रोज उशिरा येत आणि रोज ती शिक्षा भोगत. ऐकायला त्या इतक्या छान शिकल्या होत्या की डोळे मिटून घेत.

मी आकडाच सांगतो असे समजू नका. माझा पट्टा दंड ओळखतो. एका सकाळी तो मावशींच्या दंडाभोवती नेहमीपेक्षा बराच जास्त गुंडाळला गेला. कंपाउंडर थांबले.

"मावशी, जेवता का नीट?"

"जेवते की."

"काल काय केलं होतं?"

मावशी खिडकीबाहेर बघू लागल्या. "एकटीसाठी कोण चूल पेटवणार, भाऊ."

"मग दोघांसाठी पेटवा," आबा म्हणाले. "मी नाही म्हणणाऱ्यातला नाही."

"दात आहेत का तुम्हाला?"

"तुमच्या हातचं चावायला लागतं होय?"

मावशी हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून एक डबा आबांकडे जाऊ लागला आणि तीन महिन्यांत पट्टा पुन्हा पूर्वीच्या खुणेवर आला. त्या दिवशी कंपाउंडरांनी माझी पेटी ओल्या फडक्याने पुसली. शाबासकी द्यायची त्यांची तीच पद्धत होती.

९२, ठोके थांबले

मास्तरांची मुलगी परगावाहून आली. प्रेमळ मुलगी. मला पाहून ती दचकली. "काका, ही नळी फुटली तर? पारा विषारी असतो. आणि बाबांना या वयात रोज दोन जिने उतरायला लावायचे?"

ती बोलली ते खोटे नव्हते. दुसऱ्याच दिवशी तिने चार मशीन आणली, बॅटरीवर चालणारी. पट्टा घाला, बटण दाबा, आकडा समोर. तिने चौघांच्या फोनवर एक ग्रुपही करून दिला. सकाळी आपापल्या घरी मोजायचे, आकड्याचा फोटो पाठवायचा, इतरांनी अंगठा दाखवायचा.

"बरंच झालं," कंपाउंडर म्हणाले. "तुमचे पाय वाचले." त्यांनी माझी हवा काढली, नळ्या नीट गुंडाळल्या आणि मला कपाटावर ठेवले.

पहिल्या आठवड्यात आबा दोनदा येऊन गेले. नंतर त्यांची कंबर धरली. मास्तरांचे पाय वाचले खरे, पण न वापरल्याने असे आखडले की त्यांना जिन्याची भीती वाटू लागली. मावशी फोनवर विचारीत, "काय भाऊ, बरं आहे ना?" आणि भाऊ म्हणत, "एकदम." सात वाजता कडी मात्र ते काढून ठेवत.

६०

मी वरून सगळे पाहत होतो.

आठ दिवस कंपाउंडरांनी प्रामाणिकपणे मोजले. नवव्या दिवशी मशीनने एकशे अठ्ठ्याहत्तर दाखवले. त्यांनी पुन्हा घेतले. एकशे ब्याऐंशी. ते बराच वेळ फोन हातात धरून बसले. काहीतरी लिहिले, पुसले. "उगाच सगळे धावत येतील," असे स्वतःशी म्हणाले आणि आदल्या दिवशीचा फोटो पाठवून दिला. एकशे तीस. लगेच तीन अंगठे आले.

मग रोज तोच फोटो. टेबलावर मशीन, शेजारी उन्हाची तिरकी पट्टी. दुसऱ्या कोणी असे केले असते तर त्याला त्यांनी चांगले फैलावर घेतले असते. औषधाची गोळीही कधी घेत, कधी राहून जाई. फोटो पाठवल्यावर मात्र ते दाराकडे पाहत बसत. मला वाटते, कोणीतरी हे ओळखावे अशी त्यांची इच्छा असावी. हा माझा अंदाज आहे. कपाटावरून पट्टा बांधता येत नाही.

त्रेचाळीस दिवस कोणीही ओळखले नाही.

४०

चव्वेचाळिसाव्या दिवशी मावशींना शंका आली, हे नंतर त्यांच्याच तोंडून कळले. चार दिवस आभाळ भरलेले होते, घरात दिवे लावावे लागत होते, आणि कंपाउंडरांच्या टेबलावर ऊन कसले? त्यांनी जुने फोटो मागे मागे सरकवून पाहिले. मग तशाच, पायात काही न घालता, जिना उतरल्या.

कंपाउंडर खुर्चीत होते. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. उजव्या अंगावरून वारे गेले होते. मावशींना पाहून त्यांनी डावा हात थोडा उचलला, पण शब्द फुटला नाही. मावशींनी त्यांचा हात धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन लावत राहिल्या. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या एकच वाक्य बोलत होत्या, "आले मी, भाऊ. आले मी."

पुढचे मी मास्तरांच्या तोंडून ऐकले. रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "यांचं प्रेशर शेवटचं कधी तपासलं होतं?" मास्तरांनी फोन पुढे केला. बाईंनी काही फोटो पाहिले, मास्तरांकडे पाहिले आणि फोन हळूच परत दिला. तिसऱ्या दिवशी कंपाउंडर गेले.

१०

खोली रिकामी करताना मावशींनी मला मागून घेतले. माझे रबर आता चिरले आहे, फुगा दाबला की हवा फुसकन निघून जाते. मी त्यांच्या शिलाई मशीनशेजारी असतो.

मास्तरांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. ती रडत होती. म्हणत होती, मी ती मशीन आणायलाच नको होती.

"तुझं काही चुकलं नाही, बाळ," मावशी म्हणाल्या. "मशीन चांगलं आहे. आकडा बरोबर दाखवतं. दोन जिने होते गं फक्त. त्यांना चढता येत नव्हतं, आम्हाला उतरता येत होतं."

मित्रांनो, मला जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस संपले. पण तुमच्या जिन्याच्या खाली किंवा वर कोणीतरी एकटे राहत असेल. त्यांना फोनवर 'बरं आहे ना' विचारलेत तर ते 'बरं आहे' म्हणतील, म्हणून स्वतः जा. दार वाजवा आणि लगेच परत फिरू नका. म्हाताऱ्या माणसांना दारापर्यंत यायला वेळ लागतो.