खंडेनवमीची धुराची चढाओढ

वीरेशनं कोल्हापुरात शिरोळच्या रस्त्याला गाड्यांचा धूर मोजायचं यंत्र मांडलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, लोक धुराला भितील. पण इथं माणूस भितो ते फक्त दुसऱ्या नंबराला.

दोन हजार एक साल, खंडेनवमी. संध्याकाळी आरटीओचा साहेब तपासणीला येणार होता. एकही गाडी पास झाली नाही तर यंत्र खोटं धरून परवाना काढून घेणार, असं त्यानं बजावलंच होतं. धूर पासष्टच्या आत असला की पास.

सयाजीच्या ट्रॅक्टरचा आला एकोणनव्वद.

"एकोणनव्वद!" सयाजी रस्त्यातच नाचला. "आमच्या पोराला बी एवढं पडलं न्हाईत कधी!"

"दादा, नापास हाय त्ये."

"एवढं पडून नापास? तपासणारा यडा हाय का काय?"

हे ऐकून मागच्या ट्रॅक्टरवरचा हंबीरराव पेटला. त्याच्या ट्रॅक्टरनं एक्याण्णव ओकले. हलगी आली, गुलाल उधळला. मागं ट्रॅक्टरांची रांग लागली आणि जो तो विचारायला लागला, "आनखी रेस करू काय?"

वीरेश रडकुंडीला आला. तेवढ्यात त्याची आई शिवम्मा हत्यारांच्या पूजेला धुपाटणं घेऊन आली. यंत्राला हळदकुंकू लावलं, नळीला मनापासून ऊद दाखवला.

अठ्ठ्याण्णव.

हलगी थांबली.

"आमची अव्वा पयली आली," वीरेश म्हणाला. मग त्याला सुचलं. "आता वरनं कुणाचा नंबर लागत न्हाय. खालनं पयला कोन येतोय बगूया!"

हंबीररावानं तिथंच एअर फिल्टर उघडला. आत धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेली एक टोपी निघाली.

"ही माजी हरवलेली टोपी!" सयाजी ओरडला. "म्हंजे एक्याण्णव माज्या टोपीला पडलं. गुलाल हिकडं आना!"

फिल्टर झाडून पुन्हा मोजलं. पस्तीस. तेवढ्यात साहेब उतरला, आकडा बघितला, कपाळाला लागलेला गुलाल पुसला आणि परवान्यावर सही केली.

हंबीरराव मात्र मान खाली घालून उभा. "पस्तीसच? घरात काय तोंड दावू?"

सयाजीनं टोपी डोक्यावर चढवली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "खुळ्या, पस्तीसला पासच असतंय की! माजी अख्खी शाळा तेवढ्यावर झाली."